‘पांच’ कीं ‘सहा’ ? : राज्यघटनेच्या ८३ व्या कलमांतील एका पाठाची चिकित्सा

गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या वकिली घराण्याच्या माळ्यावरील दप्तर चाळण्याचा योग आला. घरच्या मंडळींची अपेक्षा अशी कीं, त्यांत कांहीं महत्त्वाचे मोडी कागद सांपडतील. मोडी कागद निघाले, परंतु ते बहुतेक साऱ्याच्या पावत्या व उसनवारीचे रोखे असल्यामुळें त्यांचें वर्णन येथें करीत नाहीं. त्याच रुमालांत भारताच्या राज्यघटनेची एक इंग्रजी छापील प्रत बांधलेली होती, तिच्याविषयीं हें टिपण आहे.

प्रतीचें मुखपृष्ठ व आरंभींचीं कांहीं पानें गहाळ असल्यानें छपाईचें साल मिळत नाहीं. पण छापील मजकुरांत ऑगस्ट १९७५ मधील ३८ वी दुरुस्ती आलेली नाहीं, त्यावरून प्रत तत्पूर्वींची ठरते. पुढील दुरुस्त्या मालकानें स्वतः हातानें केल्या आहेत. शाई दोन प्रकारची आहे, एक काळी व दुसरी निळी. अक्षर एकाच हाताचें. ८३ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत, जेथें लोकसभेची मुदत सांगितली आहे तेथें, ‘फाइव्ह’ हा शब्द दोनदां छापलेला आहे. काळ्या शाईनें दोन्ही ठिकाणचा तो शब्द खोडून वर ‘सिक्स’ लिहिलें असून समासांत ३-१-७७ अशी तारीख घातली आहे. पुढें निळ्या शाईनें ‘सिक्स’ खोडून पुन्हा ‘फाइव्ह’ लिहिलें आहे व शेजारीं तारीख २०-६-७९ अशी आहे. मात्र ही निळी दुरुस्ती पहिल्याच जागीं झाली. दुसऱ्या जागचा ‘सिक्स’ खोडावयाचा राहून गेला. त्यामुळें या प्रतीप्रमाणें लोकसभा चालते पांच वर्षें आणि बरखास्त होते ‘त्या सहा वर्षांच्या’ अखेरीस !

हा शेवटला प्रकार म्हणजे शुद्ध लेखकप्रमाद. पोथ्या हाताळणाऱ्यास त्याचें नवल वाटणार नाहीं. ओळींत एकच शब्द दोनदां आला कीं नकलकाराची नजर एकावरच ठरते व दुसरा सुटतो, हा नित्याचा अनुभव आहे. काळ्या शाईचा ‘सिक्स’ मात्र प्रमाद नव्हे. ती त्या वेळच्या अधिकृत पाठाची बिनचूक नक्कल आहे, आणि चिकित्सा करावयाची आहे ती त्या अधिकृत पाठाचीच.

हा विषय या पृष्ठांचा नव्हे असें कांहीं वाचक म्हणतील. त्यांस माझें उत्तर इतकेंच कीं, प्रस्तुत पाठ जन्मून पन्नास वर्षें होत आलीं, तो अडीच वर्षें मुख्य ग्रंथांत राहिला, एका शाखेंत तर चाळीस वर्षांहून अधिक टिकला, आणि हल्लींच्या तरुणांपैकीं बहुतेकांस तो कधीं होता हेंच ठाऊक नाहीं. अशा पाठाची नोंद आपण नाहीं ठेवावयाची तर कोणीं ठेवावयाची ?

प्रथम मूळ पाठ पाहूं. तो २६ जानेवारी १९५० पासूनचा. त्यांत लोकसभेला, ती आधीं बरखास्त न झाल्यास, पहिल्या बैठकीच्या नेमलेल्या तारखेपासून पांच वर्षांचें आयुष्य दिलें आहे. त्यालाच लागून ‘त्याहून अधिक नाहीं’ अशा अर्थाचे शब्द जोडले आहेत. तेवढ्यानेंहि न भागून, ती मुदत संपणें हेंच बरखास्तीचें काम करील, असें पुन्हा बजावलें आहे. कायद्याचा मसुदा करणारे लोक शब्दांच्या बाबतींत कृपण असतात; तरी एक मर्यादा त्यांनीं तीन प्रकारें सांगितली. मुदत संपल्यावर कोणाच्या हुकमाची वा सहीची वाट पाहावी लागूं नये, सूर्य मावळावा तशी ती सभा आपोआप मावळावी, असा त्यांचा हेतु उघड दिसतो.

‘पांच’ हा आंकडा कांहीं स्वयंभू नव्हे, हेंहि येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. घटनासमितीपुढील आरंभींच्या शिफारशींत चार वर्षें होतीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीनें चारांच्या जागीं पांच घातलीं आणि त्याचें कारणहि नोंदवून ठेविलें : मंत्र्याचें पहिलें वर्ष कारभार समजून घेण्यांत जातें, शेवटलें पुढील निवडणुकीच्या तयारींत जातें, मग चारांपैकीं कामाचीं म्हणून दोनच उरतात. म्हणजे चारांचीं पांच करणें हीहि एक मुदतवाढच होती. तिला मी आक्षेप घेत नाहीं आणि १९७६ च्या पाठास मात्र घेतों, याची उपपत्ति देणें मला प्राप्त आहे. १९४८ सालीं जेव्हां तो मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हां प्रौढ मताधिकारानें निवडलेली लोकसभा अस्तित्वांतच नव्हती. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्यें व्हावयाची होती. चारांचीं पांच करणाऱ्याच्या हातांत चारांची सनद नव्हती. पांचांचीं सहा करणाऱ्याच्या हातांत पांचांची होती, आणि तीहि संपून गेलेली.

तें असें. पांचव्या लोकसभेची निवडणूक मार्च १९७१ मध्यें झाली व पहिली बैठक १९ मार्च १९७१ रोजीं भरली. मूळ पाठाप्रमाणें तिचें आयुष्य मार्च १९७६ मध्यें सरावयाचें. परंतु या कलमास एक परंतुक जोडलेलें आहे. आणीबाणीचा जाहीरनामा चालू असतां संसदेनें कायदा करून ही मुदत एका वेळीं फार तर एक वर्ष वाढवावी, मात्र जाहीरनामा संपल्यावर सहा महिन्यांपलीकडे ती कोणत्याहि परिस्थितींत जाऊं नये, असें तें परंतुक. २५ जून १९७५ रोजीं ‘अंतर्गत अशांतते’च्या कारणावरून आणीबाणी जाहीर झालेलीच होती. तिचा आधार घेऊन १९७६ च्या आरंभीं एका कायद्यानें एक वर्ष वाढविण्यांत आलें आणि त्याच सालच्या नोव्हेंबरांत दुसऱ्या कायद्यानें आणखी एक.

परंतुकाचा उपयोग करणें ही गोष्ट स्वतः दोषास्पद आहे असें मी म्हणत नाहीं. विलायतेंत १९३५ सालीं निवडलेली पार्लमेंट दुसऱ्या महायुद्धामुळें दरसालच्या कायद्यानें वाढत वाढत १९४५ पर्यंत चालली. पण तेथें १९४० पासून विरोधी पक्ष मंत्रिमंडळांतच बसलेले होते, आणि युरोपांतील युद्ध संपतांच निवडणूक होऊन चर्चिलसाहेबांस मतदारांनीं घरीं पाठविलें. आपल्याकडे १९७६ सालीं विरोधी पक्षांचे अनेक सभासद तुरुंगांत होते आणि वृत्तपत्रांवर तपासनीस बसलेले होते. परंतुक एकच, पण साक्षीदार हजर असतां झालेला व्यवहार आणि साक्षीदारास कोठडींत घालून झालेला व्यवहार यांचें मोल आपण एक धरीत नसतों.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, परंतुकानें वर्षामागून वर्ष मिळत होतें तर मूळ पाठांत हात घालण्याची गरज काय होती ? परंतुकाचें वर्ष उसनें असतें. दर वेळीं ‘आणीबाणी आहे म्हणून’ असें कारण लिहावें लागतें, आणि आणीबाणी उठली कीं सहा महिन्यांत हिशेब पुरा करावा लागतो. मूळ शब्दच बदलला कीं कारण लिहिण्याची गरज उरत नाहीं. ४२ व्या दुरुस्तीनें हेंच केलें. हें विधेयक १ सप्टेंबर १९७६ रोजीं लोकसभेंत मांडलें गेलें. २ नोव्हेंबरास तेथें व ११ नोव्हेंबरास राज्यसभेंत संमत झालें. १८ डिसेंबर १९७६ रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. मांडणारे विधिमंत्री ह. रा. गोखले हे आपल्याच प्रांतांतले, नामांकित कायदेपंडित व एके काळचे न्यायाधीश. त्यांच्या विद्वत्तेविषयीं शंका नाहीं. हें मुद्दाम लिहितों, कारण प्रक्षेप हे अडाणी नकलकार करतात असा आपल्यांत एक समज आहे. अडाण्याच्या हातून प्रमाद होतो. प्रक्षेपाला शास्त्र यावें लागतें.

(संग्राहकांकरितां एक सूचना. ही ४२ वी दुरुस्ती विधेयकाच्या अवस्थेंत ‘४४ वी’ म्हणून मांडलेली होती, आणि तिला पुढें निस्तरणारी ४४ वी दुरुस्ती ‘४५ वी’ म्हणून. सुट्या छापील विधेयकांच्या याद्या करतांना यामुळें घोटाळा होतो. मीं स्वतः एक गठ्ठा दोन महिने चुकीच्या वेष्टनांत ठेवला होता.)

या दुरुस्तीचीं कलमें ५९. उद्देशिकेपासून आरंभ करून न्यायालयांचे अधिकार, मूलभूत हक्क, राज्यांचे विषय अशा सर्व अंगांस तिनें हात लावला. इतक्या मोठ्या गठ्ठ्यांत ‘पांच’चें ‘सहा’ हा बदल वाचणाऱ्याच्या नजरेंतून निसटावा इतका लहान आहे. त्याच्याखालीं एक उपकलम आहे, त्याकडे मात्र मी वाचकांचें लक्ष वेधतों. त्यांत म्हटलें आहे कीं, हा बदल अंमलांत येण्याच्या दिवशीं जी लोकसभा अस्तित्वांत असेल तिलाहि तो लागू होईल. आणि परंतुकाप्रमाणें मुदत वाढविण्याचा जो अधिकार आहे त्यास यामुळें बाध येणार नाहीं. ‘सहा’ या शब्दाला शासनाच्या स्थैर्याचें, योजनांच्या सलगतेचें कारण देतां येईल, आणि तशीं कारणें तेव्हां दिलींहि गेलीं. तीं खरीं असतीं तर हा बदल पुढल्या लोकसभेपासून लागू करण्यास कोणती अडचण होती ? पुढच्यांस सहा वर्षें द्यावयाचीं असतील तर मतदारांना तसें सांगून, सहांसाठींच त्यांचीं मतें मागावीं. असलेल्या सभेला तो लागू करणारें उपकलम लिहिलें गेलें तेथेंच लेखकाचा हेतु प्रकट झाला. बनावट सनदेंत मुख्य मजकूर पुष्कळदां निर्दोष असतो आणि पकड होते ती शेवटच्या ओळींत, जेथें ‘हल्लीं वहिवाट करणारा अमुक’ याचें नांव घाईनें घातलेलें असतें, तसेंच हें झालें.

येथें आपल्या भाषेंतील एका शब्दाचा विचार केला पाहिजे. निवडणुकीच्या निकालास आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतों. कौल हा शब्द मूळ अरबी, अर्थ वचन अथवा बोल. जुन्या दप्तरांत कौलनामे ढिगांनीं सांपडतात. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास सरकारांतून इस्ताव्याचा कौल मिळे. त्यांत पहिल्या सालीं किती, दुसऱ्या सालीं किती, असें चढत्या क्रमानें देणें लिहिलेलें असे आणि मुदत सालवार नमूद असे. कौल देणारा एक व घेणारा दुसरा. घेणाऱ्यानें आपल्याजवळच्या कागदावर एका सालाची भर घातली तर तो कागद मजलसींत टिकत नसे, मग शाई कितीहि सारखी असो. देवाला कौल लावतात त्यांतहि हेंच आहे. कोंकणांत व गोमंतकांत मूर्तीला पाकळ्या लावून उजवा कौल कीं डावा याची वाट पाहतात. पाकळी कोणती पडेल तें लावणाऱ्याच्या हातीं नसतें. त्यानें बोटानें ढकलून पाडली तर पाकळी पडेल खरी, पण त्यास कौल कोणी म्हणणार नाहीं. १९७१ सालीं मतदारांनीं जो कौल दिला तो पांच सालांचा होता. सहावें साल त्या कागदांत नव्हतें, आणि तें घालणारा हात कौल घेणाऱ्याचा होता. माझा सारा आक्षेप इतकाच आहे.

यावर वजनदार असा एकच प्रतिवाद आहे. दुरुस्तीची रीत घटनेनेंच ३६८ व्या कलमांत सांगितली आहे, दोनतृतीयांश बहुमत दोन्ही सभागृहांत मिळालें, मग शिक्कामोर्तब झालेल्या कागदास बनावट कसें म्हणावें ? बनावट मीं म्हटलेलेंच नाहीं. शिक्का खरा होता, हात खरा होता, तारीख खरी होती. परंतु कागदाची परीक्षा शिक्क्यापाशीं संपते असें आपल्यापैकीं कोण मानतो ? देणाऱ्याची संमति होती कीं नव्हती हें पाहावेंच लागतें, आणि ज्या सभेनें ही संमति दिली तिला मतदारांनीं दिलेली मूळ मुदत मार्चांतच संपलेली होती. शिवाय त्याच दुरुस्तीनें ३६८ व्या कलमांत अशीहि भर घातली कीं, घटनादुरुस्तीस कोणत्याहि न्यायालयांत आव्हान देतां येणार नाहीं. ही भर ३१ जुलै १९८० रोजीं मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली. ज्याला आपल्या कागदाविषयीं खात्री असते तो पारख्यांस दरवाजा बंद करीत नाहीं.

पारख्यांस दूर ठेवण्याचा प्रयोग याआधीं सव्वा वर्षापूर्वींच होऊन गेला होता. त्याची खूण आमच्या प्रतींत ३२९ व्या कलमापाशीं आहे : टंकलिखित चिठ्ठी गोंदानें चिकटविलेली असून तिच्यावर निळ्या शाईची आडवी रेघ आहे. हें कलम ३२९-अ. १२ जून १९७५ रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनीं श्रीमती इंदिरा गांधी यांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरविली. अपील सर्वोच्च न्यायालयापुढें ११ ऑगस्टास निघावयाचें होतें. ७ ऑगस्टास ३९ व्या दुरुस्तीचें विधेयक लोकसभेंत मांडून त्याच दिवशीं संमत झालें. ८ तारखेस राज्यसभेंत. मग राज्यांच्या विधानसभांनीं लगोलग मान्यता दिली. १० तारखेस राष्ट्रपतींची संमति. घटनेंतील दुसरें कोणतें वाक्य इतक्या त्वरेनें लिहिलें गेलें असेल असें वाटत नाहीं. त्याच्या चौथ्या पोटकलमाचा आशय असा कीं, पंतप्रधानांच्या झालेल्या निवडणुकीस पूर्वींचा निवडणूक कायदा लागू नव्हता असें समजावें, आणि ती रद्द करणारा निकालहि शून्यवत् समजावा. ‘समजावें’ या क्रियापदावर इतका भार मीं मीमांसकांच्या ग्रंथांतहि पाहिलेला नाहीं. ७ नोव्हेंबर १९७५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें पोटकलम अवैध ठरविलें. निवडणूक मात्र कायद्यांत मध्यंतरीं केलेल्या पूर्वलक्षी बदलांच्या आधारें कायम राहिली. निकाल देणाऱ्यांत पुण्यांत जन्मलेले न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. चौथें पोटकलम समतेच्या व कायद्याच्या राज्याच्या तत्त्वाविरुद्ध जातें असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें. त्याच न्यायमूर्तींनीं पुढें एप्रिल १९७६ मध्यें स्थानबद्धांच्या खटल्यांत सरकारच्या बाजूनें कौल दिला, हेंहि नोंदविणें भाग आहे. आणि मिनर्व्हा मिल्सच्या निकालाच्या वेळीं सरन्यायाधीशहि तेच होते. माणसाचें चरित्र पोथीसारखें एका शाखेंत बसवितां येत नाहीं.

याच आठवड्यांतील आणखी एक विधेयक अपूर्णावस्थेंत राहिलें. राष्ट्रपति, पंतप्रधान व राज्यपाल यांच्यावर फौजदारी कारवाई कधींच होऊं नये, पद सोडल्यावरहि नाहीं, अशा आशयाचें तें ४१ वें विधेयक राज्यसभेंत संमत झालें. लोकसभेंत तें पुढें नेण्यांत आलें नाहीं. ४१ हा क्रमांक मग राज्यांच्या लोकसेवा आयोगाच्या सभासदांचें निवृत्तिवय साठाचें बासष्ट करणाऱ्या निरुपद्रवी दुरुस्तीस मिळाला. सूचीवरच विसंबणाऱ्या अभ्यासकास त्या जागीं पूर्वीं काय होतें याचा पत्ताहि लागणार नाहीं.

मुदतीची ही सगळी कटकट परकीय आहे, आपल्या परंपरेंत राज्यकर्त्यास असें मोजून बसविण्याची चाल नव्हती, असें म्हणणारे विद्वान् भेटतात. त्यांनीं तामिळ देशांतील उत्तरमेरूरचे लेख पाहावे. चोल राजा पहिला परान्तक याच्या कारकीर्दींतले हे दोन शिलालेख आहेत, इ. स. ९१९ व ९२१ चे. व्यंकय्या यांनीं ते पुरातत्त्व खात्याच्या १९०४-०५ च्या अहवालांत विवेचनासह प्रसिद्ध केले, आणि नीलकंठ शास्त्री यांनीं त्यांचा विस्तारानें परामर्श घेतला. गांवाचे तीस भाग. प्रत्येक भागांतून पात्र माणसांचीं नांवें ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घटांत टाकावयाचीं. रिकामा घट आधीं सर्वांस दाखवावयाचा. अजाण मुलाच्या हातून तुकडा काढवावयाचा. मध्यस्थानें तो पांचहि बोटें पसरून तळहातावर घ्यावयाचा व मोठ्यानें वाचावयाचा. पसरलेल्या बोटांचा हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. समित्यांची मुदत ३६० दिवसांची. मागील तीन वर्षांत जो समितीवर होता त्याचें नांव घटांत पडत नसे. ज्यानें पूर्वीं समितीवर असून हिशेब दिले नाहींत, तो तर बाद होईच, त्याचे आप्तहि बाद होत.

दोन वर्षांत नियम बदलले, म्हणजे तेथेंहि दुरुस्ती झालीच. पहिल्या लेखांत वय तीस ते साठ आहे, दुसऱ्यांत पस्तीस ते सत्तर. अपात्रतेचीं कलमें दुसऱ्यांत अधिक तपशिलाचीं आहेत. पण ३६० दिवसांचे ७२० झाले नाहींत. याचा अर्थ तेथें लोकशाही नांदत होती असा कोणी काढूं नये. घर व जमीन असलेल्या, वेद पढलेल्या ब्राह्मणांपुरती ती व्यवस्था होती. स्त्रिया, कुणबी, कारागीर यांपैकीं कोणाचें नांव त्या घटांत पडत नव्हतें. आम्ही संस्कृत शिकलेले लोक अशा वेळीं थोडे हर्षभरित होतों, म्हणून हें लिहिलें. तथापि, बसलेल्यानें आपली मुदत आपण वाढवूं नये ही गोष्ट त्या मर्यादित मंडळासहि कळत होती.

पश्चिमेंतला उलट दाखलाहि प्रसिद्ध आहे. तीन वर्षांसाठीं निवडलेल्या ब्रिटिश पार्लमेंटनें १७१६ सालीं, नुकत्याच झालेल्या बंडाचें निमित्त करून, स्वतःचीच मुदत सात वर्षांची करून घेतली. तीं सात वर्षें १९११ पर्यंत टिकलीं. तात्पुरतें म्हणून घातलेलें साल सहसा परत जात नाहीं.

आपल्याकडील ‘सहा’ परत गेलें, याचें श्रेय कोणास ? १९७६ सालीं मुदत वाढली तेव्हां दोन सभासदांनीं तें वाढीव साल घेण्याचें नाकारलें. एक मधु लिमये, पुण्यांत जन्मलेले व बिहारांतील बांका मतदारसंघांतून निवडलेले. दुसरे जबलपूरचे शरद यादव. दोघांनींहि, आपल्याला मिळालेली मुदत पुरी झाली या कारणानें, सभासदत्वाचे राजीनामे दिले. लिमये त्या वेळीं तुरुंगांत होते. राजकारणांतल्या त्यांच्या इतर मतांशीं माझें फारसें जुळत नाहीं. पण कौलाची तारीख त्यांनीं नीट वाचली होती. पुढें १८ जानेवारी १९७७ रोजीं लोकसभा बरखास्त झाली, मार्चांत मतदान झालें आणि सरकार गेलें. मिळवलेलें सहावें साल पुरतें न भोगतांच निवडणूक घेण्यांत आली, ही गोष्ट श्रीमती गांधी यांच्या बाजूनें लिहिली पाहिजे. नव्या लोकसभेनें ४४ वी दुरुस्ती केली. ३२९-अ गेलें, ८३ व १७२ या कलमांत ‘सहा’चे ‘पांच’ झाले, आणि आणीबाणीच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ काढून तेथें ‘सशस्त्र बंड’ घालण्यांत आलें. या दुरुस्तीचा हा भाग २० जून १९७९ पासून अंमलांत आला. आपली मुदत एका वर्षानें कमी करून घेणाऱ्या सभेचें दुसरें उदाहरण मला तरी आठवत नाहीं.

मात्र एका शाखेंत ‘सहा’ तसेंच राहिलें. जम्मू-काश्मीर राज्याची घटना निराळी होती. केंद्राच्या मागोमाग तेथील विधानसभेची मुदतहि पांचाची सहा झाली. पण मूळ ग्रंथांत दुरुस्ती झाली तेव्हां ही प्रत कोणी दुरुस्त केली नाहीं. तेथें सहा वर्षांची विधानसभा २०१९ च्या पुनर्रचनेपर्यंत चालू होती. आमच्या वकीलसाहेबांच्या प्रतींत जसा दुसऱ्या जागचा ‘सिक्स’ राहून गेला, तसेंच हें; फरक इतका कीं, वकीलसाहेबांस तो राखण्यांत कांहीं लाभ नव्हता.

मतदाराचा हक्क कमी करण्यास मुदतच वाढवावी लागते असें नाहीं, हें आपल्या प्रांतानें अलीकडे पाहिलें. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीनें नगरपालिकांस पांच वर्षें व ‘त्याहून अधिक नाहीं’ ही मर्यादा घातली आणि मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक पुरी करावी असेंहि सांगितलें. येथें आणीबाणीचें परंतुक नाहीं. मुंबई व पुणें येथील महानगरपालिकांच्या मुदती मार्च २०२२ मध्यें संपल्या. त्या वाढविल्या गेल्या नाहींत, अक्षर पाळलें गेलें. पण आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादांत मतदान होण्यास १५ जानेवारी २०२६ हा दिवस उजाडावा लागला, आणि तोंवर कारभार प्रशासकांनीं पाहिला. पूर्वार्ध पाळला, उत्तरार्ध राहिला. बाहेरच्या देशांत तर जुनाच पाठ चालू आहे. एल साल्वादोरच्या विधिमंडळानें ३१ जुलै २०२५ रोजीं अध्यक्षाची मुदत पांचाची सहा केली व पुन्हा पुन्हा निवडून येण्यावरची मर्यादा काढून टाकली. तीच दोन अंकांची अदलाबदल पाहून मला माझ्या गठ्ठ्यांतली ही प्रत पुन्हा बाहेर काढावीशी वाटली.

प्रत घरच्या मंडळींच्या अनुमतीनें मंडळाच्या संग्रहीं देण्याचें ठरलें आहे. तिच्यांत १७२ व्या कलमावर, जेथें विधानसभांसाठीं तोच बदल झाला होता, कोणत्याच शाईची खूण नाहीं. वकीलसाहेबांनीं तें पान उघडलेंच नसावें. ३२९-अ ची चिठ्ठी गोंद वाळल्यामुळें एका बाजूनें सुटली आहे. ती कोणीं पुन्हा चिकटवूं नये, कारण तिच्या पाठीमागें, उलट्या बाजूस, काळ्या शाईनें ‘११ ऑगस्ट, सुनावणी’ असें लिहिलेलें आहे आणि तें अजून वाचतां येतें.